रेंदेर शेतात काय करतो?

गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. दुपारी एक ते चार शटर खाली असतं. या वेळेत दुकान उघडं ठेवणाऱ्याला आमच्याकडे वेड्यातच काढतात. गेली साडेतीन वर्षं त्या तीन तासांतला एक तास मी पोर्तुगीज वाचतो. उरलेले दोन तास जेवण आणि झोप, त्यात तडजोड नाही.

सुरुवात काही हौसेनं झाली नाही. वडील गेल्यावर माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तीत आजोबांच्या नावाचं १९३४ सालचं खरेदीखत होतं. म्हणजे १९५६ साली काढलेली त्याची टंकलिखित नक्कल, ‘सेर्तिदांव’. सहा पानं, गिचमिड टाइप, कडांना वाळवीनं जाळी केलेली. भाटाच्या, म्हणजे घराण्याच्या माडांच्या बागेच्या, वाटणीचा विषय चुलत भावांत निघालाच होता, म्हणून ती नक्कल एका भाषांतरकाराकडे दिली. त्यानं सहा पानांचं दीड पान करून दिलं. पैसे मात्र सहा पानांचे घेतले. बाकीच्या साडेचार पानांत काय आहे विचारलं तर म्हणाला, “तें सगळें कायद्याचें, तुका नाका तें.”

ते ‘नाका’, म्हणजे ‘नको’, मला लागलं.

आमच्या घरात बोलायची कोंकणी आणि वाचायची मराठी. वडिलांच्या पिढीनं शाळेत पोर्तुगीज घेतली, ‘सेगुंद ग्राव’ वगैरे केलं. पण १९६१ साली पोर्तुगीज गेल्यावर ती भाषा घरातून अशी निघून गेली की माझ्यापर्यंत पोचल्या त्या दोन-चार शिव्या, आणि जनेल, कदेल, मेज, म्हणजे खिडकी, खुर्ची, टेबल. पणजीला संध्याकाळचा एक प्राथमिक वर्ग चालायचा. तिथं तीन महिने बसने ये-जा केली. क्रियापदं चालवायला शिकलो, आपलं नाव-गाव सांगायला शिकलो. मग एका दुपारी, फार मोठ्या आत्मविश्वासानं, खरेदीखताचं पहिलं पान समोर घेतलं.

पेन्सिल घेऊन पहिले शंभर शब्द मोजले. त्यातले चौतीस अनोळखी. म्हणजे दर तिसऱ्या शब्दाला ठेच. शब्दकोश उघडून एकेक शब्द वहीत उतरवला, समोर अर्थ लिहिला. चार दुपारी गेल्या, एक पान झालं, वहीत एकसष्ट शब्द जमले. पाचव्या दिवशी अर्थांवर हात ठेवून स्वतःची परीक्षा घेतली. चार आठवले, त्यातला एक चुकीचा. मी पेटी बंद करून पुन्हा माळ्यावर टाकली.

त्यानंतर महिनाभरानं दुकानातच एक गोष्ट ध्यानात आली. एका डॉक्टरांची चिठ्ठी आली होती. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. आमचा नवा पोरगा दहा मिनिटं ती उलटसुलट करून बघत होता. मी हातात घेतली आणि वाचली. वाचली कशी? पहिलं अक्षर दिसत होतं. पुढे मात्रा होती, दिवसातून तीनदा, पाच दिवस. खाली एक खोकल्याचं औषध होतं, त्याचं नाव लागत होतं. आणि समोर उभा असलेला माणूस खोकत होता. अक्षर न लागताही औषध लागलं. औषधांची हजारभर नावं मी काही यादी पाठ करून शिकलो नव्हतो. कुठल्या फळीवर, कुठल्या तक्रारीला, कुठल्या औषधाच्या जोडीनं येतं, असं करत करत ती डोक्यात बसली होती. मग पोर्तुगीजची यादी पाठ करायचा आचरटपणा मी का करत होतो?

पण चिठ्ठी लागते ती भोवतालचं सगळं ओळखीचं असतं म्हणून. खरेदीखतात भोवतालचंही अनोळखी होतं. दर तीन शब्दांत एक खड्डा असेल तर आजूबाजूची जमीन धरून चालणार कशी? वाचनातून शब्द शिकण्याचा अभ्यास करणाऱ्यांत पॉल नेशन या न्यूझीलंडच्या प्राध्यापकांचं नाव सतत येतं. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासात असं दिसलं, की आधाराशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी. मी पन्नासांत सतरा घेऊन बसलो होतो.

ओळखीची जमीन मला सापडली फुटबॉलमध्ये.

पोर्तुगालच्या लीगच्या बातम्या फोनवर फुकट वाचायला मिळतात. सामना आदल्या रात्री बघितलेला असतो किंवा निदान निकाल माहीत असतो. ‘बेंफिका’ २, ‘पोर्तु’ १, आणि दोन नावांच्या मध्ये एक क्रियापद: ‘वेंसेउ’. त्याचा अर्थ कोणाला विचारायचा? दुसऱ्या बातमीत तीच जागा, पण गोल कमी असलेल्या संघाच्या पुढे ‘पेर्देउ’. तिसरीत १-१ आणि ‘एंपातो’. जिंकला, हरला, बरोबरीत सुटला. आठवडाभरात तिन्ही असे बसले की आजही मराठीत भाषांतर न होता सरळ कळतात. ‘ग्वार्दा-रेदश’ म्हणजे गोलकीपर, शब्दशः जाळीराखा. हा शब्द मला इतका आवडला की गल्लीतल्या पोरांच्या गोलकीपरला मी तसं हाकारायला लागलो. ‘एंकार्नादुश’ हा शब्द नेहमी बेंफिकाच्या जागी यायचा, म्हणून ते त्यांचं टोपणनाव हे कळलं. तांबड्या जर्सीमुळे ते ‘तांबडे’, हे बऱ्याच दिवसांनी, एका रंगाच्या डब्याच्या चित्रावरून.

पुन्हा शंभर शब्द मोजले. आठ अनोळखी. पन्नासांत चार. नेशनसाहेबांच्या हिशेबात नापासच, पण निकाल आधीच ठाऊक असल्यानं निभत होतं.

या काळात एक पद्धत आपोआप पडली. अनोळखी शब्द आला की शब्दकोश बघायचा नाही. तर्क करायचा आणि पुढे जायचं. वहीत तो शब्द लिहून त्याच्यापुढे पेन्सिलीनं एक ठिपका द्यायचा. पुन्हा कुठं भेटला की दुसरा ठिपका, आणि तर्क तोच राहतो का ते बघायचं. तिसऱ्या ठिपक्याला शब्दकोश. दुकानात हेच करतो. चिठ्ठीवर तर्क खुशाल करावा, पण शंका असेल तर औषध देण्यापूर्वी डॉक्टरांना फोन लावावा. गंमत म्हणजे पुष्कळ शब्दांना तिसऱ्या ठिपक्यानंतर शब्दकोशाची गरजच उरत नसे. आणि पुष्कळ शब्द एका ठिपक्यावरच राहिले. पुन्हा कधी भेटलेच नाहीत. ज्याची पुन्हा गाठ पडत नाही तो शब्द विसरला तरी काय बिघडलं? माझ्या पहिल्या वहीतल्या एकसष्टांपैकी निम्मे असले होते.

फोन न लावल्यानं एकदा मात्र चांगलाच फसलो. एका बातमीत आलं की अमुक खेळाडू ‘कोंश्तिपादु’ आहे, त्यामुळे सरावाला आला नाही. मी औषधवाला! या शब्दाला मला ठिपके लागतात होय? बद्धकोष्ठ. मनात म्हटलं, पोर्तुगालचे पत्रकार भलतेच मोकळे, बिचाऱ्याचं पोट साफ होत नाही हेही छापतात. पुढच्या महिन्यात आणखी दोघे त्याच कारणानं बाहेर. मी बायकोला सांगितलं की तिकडे जेवणात पालेभाजी नसणार. मग थंडीच्या दिवसांत एक बातमी आली, तीत ‘कोंश्तिपादु’च्या शेजारी ‘तोस’ आणि ‘फेब्र’ असे दोन शब्द होते. फेब्र म्हणजे ताप हे ठाऊक होतं. तोस दोनदा भेटला होता, खोकला. ताप, खोकला आणि बद्धकोष्ठ? अशी चिठ्ठी माझ्याकडे कधी आली नाही. शब्दकोश उघडला. सर्दी झालेला. नुसती सर्दी.

अनोळखी शब्दाबाबत आपण सावध असतो, ओळखीचा वाटणारा शब्द घात करतो, हे तेव्हा समजलं असं मला वाटलं. पुरतं समजलं नव्हतं, ते पुढे येईलच.

कारण आम्हा गोवेकरांना या भाषेत ओळखीचे चेहरे फार. चावी, साबण, बटाटा, पाव, लिलाव, तुरुंग, अलमारी, फीत, नाताळ हे शब्द तर घाटावरच्या मराठीतही पोचलेत. आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांनी आशियातल्या भाषांत गेलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांचा मोठा संग्रह करून १९१३ साली छापला. हे शब्द वाटेत भेटले की जुना शेजारी परगावी भेटावा तसं होतं. पण शेजारी बदललेला असतो. आमचा ‘पगार’ महिन्याच्या शेवटी मिळतो, त्यांचा ‘पागार’ म्हणजे पैसे देणं, कोणीही कोणालाही. तुरुंग ज्यावरून आला तो ‘त्रोंकु’ म्हणजे झाडाचा बुंधा.

दुसरी ओळख याहून जुनी. ‘नोवु’ म्हणजे नवा, ‘नोम’ म्हणजे नाव, ‘देंत’ म्हणजे दात, ‘मोर्तु’ म्हणजे मृत. संस्कृत आणि, पोर्तुगीज जिच्यातून आली ती, लॅटिन एकाच कुळातल्या हे शाळेत कधी तरी ऐकलं होतं, त्याचा उपयोग पन्नाशीनंतर झाला.

फुटबॉलनंतर ब्राझीलमधली लहान मुलांची चित्रकथा काही महिने वाचली. चित्रांचा आधार चांगला, पण तिकडची बोली वेगळी. बसला लिस्बनमध्ये एक शब्द आणि ब्राझीलमध्ये दुसरा, त्यानं गोंधळ व्हायला लागला तेव्हा सोडली. मग पणजीत पाट्टोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात सुट्टीच्या दिवशी जायला लागलो. १८३२ सालची ही संस्था, तिथं जुनी गोमंतकीय वृत्तपत्रं बघायला मिळतात. हेगडे देसायांच्या ‘भारत’सारख्या पत्रांत मराठी आणि पोर्तुगीज एकाच अंकात असे. मराठी मजकूर आधी वाचायचा, म्हणजे त्या आठवड्यात काय गाजत होतं ते कळतं, आणि मग पोर्तुगीज. ते काही एकमेकांचं भाषांतर नसतं, पण सामन्याचा निकाल आधी कळण्यासारखंच आहे. इथं मला कचेरीतले, जमिनीतले, देवळातले शब्द भेटले. ‘रेसेइता’ हा शब्द मी डॉक्टरच्या चिठ्ठीसाठी शिकलो होतो, पाककृतीलाही तोच. देवस्थानच्या हिशेबात तो जमा-खर्चातला ‘जमा’ निघाला.

दोन वर्षांनी पेटी पुन्हा खाली काढली.

शंभर शब्दांत आता अकरा अनोळखी होते. त्यातही दोन-तीन परत परत येणारे, म्हणजे सहा पानांतच त्यांना हवे तेवढे ठिपके मिळणार. भाटाच्या चतुःसीमा आल्या. नोर्त आणि सुल ठाऊक होते, उत्तर-दक्षिण. उरलेल्या दोन बाजूंना ‘नासेंत’ आणि ‘पोएंत’. वर्गात पूर्व-पश्चिमेला दुसरेच शब्द शिकवले होते. दोन बाजू उरल्यात तर या दोनच असणार, पण कुठली कोण? ‘नासेर’ म्हणजे जन्मणं. मग नासेंत म्हणजे जिथं जन्मतो ती. कोण जन्मतो? सूर्य! तेवढ्यात आठवलं, आपणही जमिनीची हद्द सांगताना उगवतीला ओहळ आणि मावळतीला वाट असंच म्हणतो. कोंकणीत तर उदेंत आणि अस्तंत हेच दिशांचे शब्द. शब्दकोश न उघडता मी नकाशा काढला: नासेंताला ‘वाला’, म्हणजे पाण्याचा चर. पोएंताला ‘कामिन्यु’, वाट. उत्तरेला अमक्याची ‘वियुवा’. हा शब्द मी आधी कधीच पाहिला नव्हता. बाईचं नाव, त्याआधी ‘वियुवा’, त्यानंतर पुरुषाचं नाव. विधवा. उच्चारूनच कळला.

त्या संध्याकाळी मी नकाशा घेऊन भाटात गेलो. चर बुजलाय, त्यावर आता शेजाऱ्याची गाडी लागते. पण तिथली माती अजून खोलगट आहे आणि पावसात पाणी तिथूनच वाहतं. वाट डांबरी झालीय. बाकी १९३४ जसंच्या तसं.

तिसऱ्या पानावर पणजोबा आले. लिहिलं होतं की खरेदी करणाऱ्याचे वडील हे याच पाल्माराचे, म्हणजे माडांच्या भाटाचे, ‘रेंदेइरु’ होते. इथं थांबायचं कारणच नव्हतं. रेंदेर गोव्यात कोणाला ठाऊक नाही? माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढणारा. कमरेला दुदिणें, म्हणजे सूर भरायचा भोपळा, हातात कोयती. माडांचं भाट आणि रेंदेर, याहून चपखल संदर्भ कुठला असणार! मी त्याच रात्री घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की आपले पणजोबा रेंदेर होते, सूर काढायचे, आणि त्यांच्या मुलानं तेच भाट विकत घेतलं. माझा मुलगा खूष झाला. एका चुलत भावानं ‘आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं’ असं लिहिलं आणि ग्रुप सोडला. मला पणजोबांचा उगाच अभिमान वाटायला लागला. भाटातला सर्वांत उंच माड बघून, ह्याच्यावर ते चढत असतील, असंही मी मनात धरून चाललो. (तो माड चाळीसेक वर्षांचा असेल.)

पाचव्या पानावर तेच पणजोबा पुन्हा आले. या वेळी ‘रेंदेइरु दा वार्झेआ’. वार्झेआ म्हणजे भाताचं शेत, हा शब्द ग्रंथालयात पाच-सहा ठिपके मिळवून पक्का झालेला. आता शेतात रेंदेर काय करतो? तिथं माड कुठला? बांधावर दोन असतीलही, पण त्यासाठी दस्तात कोण लिहितं? मी ओळ तीनदा वाचली. मग खालच्या ओळीत ‘रेंदा’ दिसला, त्याच्या शेजारी रक्कम, रुपिया आणि तांगा. सोळा तांगांचा एक रुपिया असायचा तेव्हा. पैसे, दरवर्षी, जमिनीपोटी. रेंदा म्हणजे खंड. रेंदेइरु म्हणजे खंडकरी. पणजोबांनी भाट खंडानं घेतलं होतं आणि शेतही. ते झाडावर कधी चढले असतील असं वाटत नाही. माड खंडानं घेणारा तो रेंदेर, यावरूनच पुढे सूर काढणाऱ्याला ते नाव चिकटलं असावं. भाटात तो तर्क बसत होता, आणि इतका छान बसत होता की एका ठिपक्यावरच मी निकाल देऊन टाकला. माझीच पद्धत, मीच मोडली.

ग्रुपवर दुरुस्ती टाकली. भावाला परत घेतलं. मुलगा म्हणाला, “सूर काढणारेच बरे होते.” मलाही तसंच वाटत होतं, पण बोललो नाही.

शेवटचं पान राहिलं होतं. त्यात शेताच्या खंडाचा उरलेला भाग होता, तो रोख नव्हता, काहीतरी वस्तुरूप होता, आणि तिथं मी पुरता अडकलो. ‘दोइश कांदिश द बात’, दोन कसले तरी, ‘बात’चे. बात तर मला फुटबॉलनं शिकवला होता, ‘बातेर’ म्हणजे मारणं, पेनल्टी मारतात तो. दोन फटके? पुढे ‘नोविदाद सोरोदियु’, मग ‘वांगाना’. सोरोदियुला चार ठिपके झाले, चारही याच पानावर. शब्दकोशात तो नव्हता. त्याच्यासारखा एक सापडला, ‘सेरोदियु’, उशिरा पिकणारा. मी वहीत लिहिलं: उशिराचं पीक? वांगाना तर कुठंच नाही. वांगी असतील असंही एकदा मनात येऊन गेलं. कांदे-वांगी, बातमीच संपली.

माझी काकी शहाऐंशी वर्षांची आहे. तिनं लहानपणी पोर्तुगीज शाळेत दोन वर्षं काढली, पण आता मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही आणि भाषाही विसरले म्हणते. रविवारी तिच्याकडे गेलो होतो. नक्कल पिशवीत होती. म्हटलं, वाचून दाखवतो, काही आठवतं का बघ. ती तांदूळ निवडत होती. डोळे अधू झाले तरी बोटांना खडे बरोबर लागतात. मी मोठ्यानं वाचलं: “दोइश कांदिश द बात, नोविदाद सोरोदियु, ई उं दा वांगाना.”

तिनं मान वर केली नाही.

“दोन खंडी भात सरदाचें,” ती म्हणाली, “आनी एक वायंगणाचें.”

सरद म्हणजे पावसाळी पीक, वायंगण म्हणजे पाऊस सरल्यावर पाण्यावर घेतलेलं. बात म्हणजे भात, कांदिल (अनेकवचनी कांदिश) म्हणजे खंडी. आमचेच चार शब्द पोर्तुगीज कपडे घालून बसले होते आणि मी त्यांना लिस्बनच्या शब्दकोशात शोधत होतो. मी पिशवीतून वही काढली आणि ‘उशिराचं पीक’वर काट मारली.

“फुडें वाच,” काकी म्हणाली.